चार क्रेडिटचा पेपर आणि एक चुकलेला रकाना

मागच्या आठवड्यात पाचव्या सेमिस्टरचे मार्क भरून झाले, पोर्टलवर हिरवी टिक आली आणि मग लक्षात आलं की हे प्रकरण सुरू होऊन जवळजवळ दीड वर्ष झालं. एक पेपर. फक्त चार क्रेडिटचा. समाजशास्त्र घेऊन बीए करणाऱ्या आणि पुढे बीएड करून शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवणार असलेल्या पोरांसाठी एक वेगळा पेपर तयार करायचा एवढंच काम होतं. मी सुरुवात केली तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून जे झालं ते तसंच्या तसं लिहून ठेवतेय, चुकांसकट.

आमचं कॉलेज महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्याच्या कडेला आहे आणि स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आमचे आम्ही करतो. ऐकायला हे फार भारी वाटतं.

जुलै २०२४ मध्ये एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. समाजशास्त्रात फर्स्ट क्लास, मग बीएड, आता एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. म्हणाली, मॅडम, सहावीच्या नागरिकशास्त्रात समाजातील विविधता शिकवत होते, एक मुलगा उठला आणि म्हणाला, बाई, जात कुणी काढली? मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? तर म्हणे, मी वर्णव्यवस्थेपासून सुरुवात केली, दोन मिनिटांत वर्ग जांभया द्यायला लागला, तेवढ्यात बेल झाली म्हणून सुटले. हसत सांगत होती, पण मला हसू येईना, कारण तिला जातिव्यवस्थेचा पेपर मीच शिकवला होता आणि तिला त्यात अठ्ठेचाळीस मार्क होते, पन्नासपैकी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शाळेत समाजशास्त्र नावाचा विषय अकरावीपर्यंत येतच नाही. त्यामुळे आमची पोरं बीएडला गेली की अध्यापन पद्धती म्हणून इतिहास नाहीतर भूगोल घ्यावी लागते. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सहावी ते आठवीच्या, १५० पैकी ६० प्रश्न सामाजिक शास्त्रांचे, तेही इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्रावर. मग तीन वर्षं समाजशास्त्र कशाला शिकलो असं त्यांना वाटतं आणि ते वाटणं काही चूक नाही.

विभागप्रमुख सरांना सांगितलं. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम जून २०२५ पासून लागू होणारच होता, इलेक्टिव्हची एक जागा मोकळी होती. सर म्हणाले, करून टाका. हे दोन शब्द ऐकले की समजून जावं, पुढचं वर्ष गेलं.

ऑगस्टमध्ये मी एक काम बरोबर केलं आणि ते निव्वळ योगायोगाने झालं. ग्रंथालयातली मोठी पुस्तकं काढायच्या आधी बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तकं डाउनलोड केली, फुकट मिळतात, आणि सुट्टीच्या दिवसांत सगळी वाचून काढली. इतक्या वर्षांनी मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचली आणि चक्रावलेच. सहावीच्या नागरिकशास्त्राचे पहिले दोन धडे 'आपले समाजजीवन' आणि 'समाजातील विविधता', म्हणजे सरळसरळ समाजशास्त्र. दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींवर अख्खं प्रकरण. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, लोकसंख्या, वस्ती, सगळं शेजारी शेजारी ठेवून. विषयाचं नाव कुठेच नाही पण माल भरलेला आहे. मग एका मोठ्या चार्टपेपरवर उभे धडे आणि आडव्या आपल्या संकल्पना असा तक्ता मांडला आणि जिथे जुळतं तिथे टिकली चिकटवली, खऱ्या कपाळाच्या टिकल्या, पाकीट घरात होतं. कुणी असा पेपर करणार असेल तर हे आधी करा, कारण नंतर मीटिंगमध्ये माझ्या बाजूने सगळ्यात जास्त बोलला तो हा कागद.

पण त्याच महिन्यात पहिला मसुदा केला तो मात्र आमच्या नेहमीच्या सवयीने. अकरा घटक. आधी समाजशास्त्राचा पाया घालणारे कॉम्त, दुर्खीम, मार्क्स, वेबर, मग कुटुंब, मग धर्म, मग स्तरीकरण, अशी रांग, आणि शेवटी कोपऱ्यात 'शालेय अध्यापनातील उपयोजन', तास तीन. म्हणजे ज्याच्यासाठी पेपर काढला ते शेपटीला! नवऱ्याने वाचला, तो मेडिकल दुकानाचा हिशेब बघणारा माणूस, तो म्हणाला, हे तुमच्या जुन्या पेपरासारखंच दिसतंय, नाव बदललंय फक्त. दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी मसुदा उलटा केला.

उलटा म्हणजे असा. प्रत्येक घटकाची सुरुवात शाळेच्या एका धड्यापासून, मग त्या धड्यावर मूल काय विचारू शकेल तो प्रश्न, आणि मग त्या प्रश्नाला लागेल तेवढीच थिअरी. जातीच्या घटकात वर्णव्यवस्थेच्या जागी मी ९ मे १९१६ ठेवला. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात एका सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला आणि मांडलं की जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आमची पोरं वीस-एकवीसची असतात, त्यांना २५ वर्षांचा विद्यार्थी जवळचा वाटतो, आणि 'लग्न' हा शब्द आला की सहावीच्या मुलालाही कळतं तुम्ही कशाबद्दल बोलताय. शाळा आणि विषमता या घटकाला जोतीराव फुल्यांचं १८८२ चं हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन, कारण त्यात प्रश्न अगदी रोकडा आहे, शेतसारा शेतकऱ्याचा आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, हे कसं? अकराचे पाच घटक झाले. वेबर जवळपास पूर्ण गेला. वाईट वाटलं, माझा आवडता आहे तो.

आता तासांचं गणित. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे ३०. मी तीन थिअरी अधिक एक फील्डवर्क असं केलं, म्हणजे ४५ अधिक ३०, एकूण ७५. क्रेडिट चारच राहतात पण टाइमटेबलमध्ये पंधरा तास जास्त लागतात, आणि ते बघून टाइमटेबल समितीचे सर माझ्याकडे असे बघायला लागले की मी त्यांच्या घरातली खोलीच मागितलीय. हे आधीच त्यांच्याशी बोलून घ्या. मी नंतर बोलले आणि शनिवारची सकाळ पदरात पडली.

फील्डवर्क काय द्यायचं यावर सप्टेंबर गेला. सर्व्हे नको होता, कारण पोरं गुगल फॉर्म करतात, चुलतभाऊ-मित्र मिळून भरतात आणि पाय चार्ट काढतात. मला काहीतरी असं हवं होतं जे प्रत्येक शिक्षकाच्या हाताखालून रोज जातं आणि तो बघत नाही. आणि मग सुचलं, हजेरीपट! एका वर्गाचा वर्षभराचा हजेरीपट घ्यायचा, महिन्यागणिक सरासरी काढायची, रेघ ओढायची आणि रेघ जिथे खाली जाते तिथे का असं विचारायचं.

सुचलं खरं, पण मिळायला सात आठवडे गेले. पहिल्या शाळेत मुख्याध्यापक सर म्हणाले वरून पत्र आणा. वर गेले तर म्हणाले कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने अर्ज द्या, सोबत उद्देश, विद्यार्थ्यांची संख्या आणि तारखा. तारखा कुठून देणार, पेपरच मंजूर नव्हता. शेवटी 'पथदर्शी चाचणी' असा शब्द घातला आणि अर्ज आवक झाला. टीप म्हणून सांगते, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, माझा पहिला अर्ज हरवला होता आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तीन चकरा, एसटीचं भाडं आणि झेरॉक्स मिळून सहा-सातशे रुपये गेले असतील, ते कुठल्या हेडमध्ये बसत नाहीत म्हणून मागितलेच नाहीत.

आणि एक गोष्ट मुख्याध्यापक सरांनी शिकवली मला. मी सहज जनरल रजिस्टर पण बघायला मिळेल का विचारलं. ते म्हणाले, मॅडम, त्यात मुलाची जात असते, जन्मतारीख असते, आईचं नाव असतं, ते मी तुमच्या वीस वर्षांच्या पोरांच्या हातात देणार नाही. हजेरीपटाची नावाची पट्टी झाकून झेरॉक्स देतो, आकडे तुमचे, नावं माझी. मी संशोधनाची नीतिमत्ता हा टॉपिक दहा वर्षं शिकवतेय. गप्प बसले. ते वाक्य पुढे अभ्यासक्रमात सूचना म्हणून गेलं.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळाची मीटिंग १८ नोव्हेंबरला ठरली होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. निम्मा स्टाफ इलेक्शन ड्यूटीवर, ट्रेनिंग आणि ईव्हीएमच्या गडबडीत, मीटिंग गेली १० डिसेंबरला. तारीख ठरवताना कॅलेंडर बघावं हे माझ्यासारख्या समाजशास्त्राच्या बाईला कुणीतरी सांगावं लागतं.

मीटिंग साडेतीन तास चालली. स्वायत्त कॉलेजच्या अभ्यासमंडळात आपले लोक असतातच, शिवाय बाहेरचे तज्ज्ञ, विद्यापीठाच्या कुलगुरूंनी नेमलेले एक, उद्योगक्षेत्राचे एक आणि माजी विद्यार्थी एक असतात. उद्योगवाल्यांनी विचारलं यातून प्लेसमेंट काय. मी म्हटलं शिक्षक. ते म्हणाले, भरती कुठेय? आता यावर काय बोलणार, खरंच आहे ते.

बाहेरच्या एका तज्ज्ञांनी मात्र चष्मा काढून विचारलं, यात थिअरी कुठे आहे? हे तर डीएडचं काहीतरी वाटतंय. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, रात्रभर उत्तर घोकलं होतं. मी म्हटलं, सर, दुर्खीम १८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात लागला तेव्हा त्याच्या कामाचं नाव 'सामाजिक शास्त्र आणि अध्यापनशास्त्र' होतं, शाळेच्या शिक्षकांना शिकवायला घेतलं होतं त्याला. १९०२ ला पॅरिसला गेला तोही शिक्षणशास्त्राच्या जागेवर, आणि पदाच्या नावात समाजशास्त्र हा शब्द घुसला तो थेट १९१३ मध्ये. म्हणजे फ्रान्सच्या विद्यापीठात आपला विषय शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दारातून आत आलाय, मी काही नवीन दार फोडत नाहीये. सर हसले, पण मान्य काही केलं नाही. म्हणाले, एक घटक थिअरीचा घाला. घातला. पाचाचे सहा.

खरं काम केलं ते माजी विद्यार्थी म्हणून आलेल्या ताईंनी. त्या स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, दोन तास काही बोलल्याच नाहीत, आणि मग माझा टिकल्यांचा चार्ट पुढे ओढून म्हणाल्या, हे मला नोकरी लागली त्या वर्षी मिळालं असतं तर पहिली दोन वर्षं गाइड वाचून शिकवलं नसतं. त्यानंतर विरोध मावळला. मी अजून विचार करते की त्या दिवशी त्यांची एसटी चुकली असती तर काय झालं असतं.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ बद्दल फार बोलण्यासारखं नाही, ते टेम्प्लेटमध्ये गेले. कोर्स आउटकम, म्हणजे पेपर शिकून विद्यार्थ्याला काय येईल ते, लिहायचे तर 'समजेल' हे क्रियापद चालत नाही, मोजता येत नाही म्हणून. 'स्पष्ट करेल', 'तुलना करेल', 'वर्गीकरण करेल' असं पाहिजे. ठीक आहे, केलं. पण आमच्याकडचे जुने अभ्यासक्रम श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये, नवीन पाहिजे युनिकोडमध्ये, आणि कन्व्हर्टरने काय काय करून ठेवलं! सगळे रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले, आणि 'स्तरीकरण'चं 'स्तकरीण' झालेलं तिघांनी वाचूनही कुणाला दिसलं नाही. शेवटी सगळं हाताने परत टाइप केलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा, दुसरं काही ऐकलं नाही तरी हे ऐका. मार्चमध्ये विद्या परिषदेत पेपर मंजूर झाला, एकूण चार मिनिटांत. दोन आठवड्यांनी इतिवृत्त आलं त्यात पेपर कोडचा एक आकडा चुकलेला. दुरुस्तीचा अर्ज दिला.

जुलै २०२५ मध्ये वर्ग सुरू झाला. २३ पोरं. मला वाटलं होतं दहा येतील.

सुरुवात छान झाली असं म्हणणार होते पण नाही झाली. पहिले तीन आठवडे पोरं शाळेचं पुस्तक बघून नाराज, मॅडम हे सहावीचं आहे, आम्ही टीवायला आहोत. त्यांचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं त्यांना. मग मी एकेकाला उभं करून तोच धडा सहावीच्या मुलांना शिकवतोय असं समजून शिकवायला लावला आणि बाकीच्यांना मुलं होऊन प्रश्न विचारायला सांगितलं, आणि पोरं काय एकमेकांना सोडतात होय! तेव्हापासून कुणी सहावीचं म्हणून हिणवलं नाही.

जातीच्या घटकात घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं लिहून आणा, जातीत की जातीबाहेर एवढंच, असं दिलं. एक मुलगी तासानंतर थांबली आणि म्हणाली मला हे द्यायचं नाही. कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, ज्यांना नको त्यांनी वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती मोजा, मार्क तेवढेच. आठ जणांनी जाहिराती घेतल्या. हा पर्याय मला आधीच द्यायला हवा होता. त्याच सुमाराला पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघालेली, २०११ नंतर थेट २०२७, त्यात जातीचीही मोजणी, त्यामुळे कुणाला मोजायचं आणि कुणी मोजायचं यावर पोरं इतकी भांडली की शनिवारचे दोन तास पुरले नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेत गेलो. स्टाफरूममध्ये एकच विषय, सुप्रीम कोर्टाचा १ तारखेचा निकाल, सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची. कुणाचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. मामांनी झेरॉक्सचा गठ्ठा आणून दिला, नावांच्या जागी पांढरी पट्टी, २०२४-२५ चा सातवीचा हजेरीपट. पोरं बाकावर बसून आकडे काढायला लागली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रेघ जवळजवळ सरळ, दिवाळीची सुट्टी संपली की खाली, आणि मार्चपर्यंत वर येतच नाही.

आता माझी चूक. मी तक्ता छापून नेला होता आणि शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं 'गैरहजेरीची कारणे', खाली पर्याय आजारपण, घरकाम, शाळेत रस नसणे, इतर. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्गात फार कमी बोलतो, त्याने तो रकाना कोराच ठेवला. मी म्हटलं, अरे भर की. तो म्हणाला, मॅडम, ही पोरं गैरहजर नाहीत, ऊसतोडीच्या टोळीवर गेलीत. मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल घेतली की आई-बाप दोघं मिळून एक कोयता, घरी म्हातारं माणूस नसलं की पोरगं पण ट्रॅक्टरवर बसतं. मी सातवी-आठवी अशीच केली, मार्चमध्ये यायचो आणि परीक्षा द्यायचो. आणि परत आकडे मोजायला लागला.

मी तिथे एकटीच उभी राहिले थोडा वेळ. सगळा पेपर मूल काय विचारेल यावर रचला होता आणि रकाना मात्र शाळेच्या बाजूने छापला होता, 'रस नसणे'! नंतर वर्गशिक्षक बाईंना विचारलं तर त्यांनाही सगळं माहीत होतं, गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं त्या वर्षी रेघ एवढी पडली नव्हती हेही त्यांनीच सांगितलं. मग स्थलांतराचा घटक, जो माझ्याकडे पाचव्या नंबरवर होता, पुढच्या शनिवारी तिथूनच घेतला, आणि त्यातला अर्धा तास त्या मुलाने शिकवला. मी फळ्यावर लिहित होते. उचल, कोयता, टोळी, पट्टी, हे शब्द माझ्या एकाही संदर्भग्रंथात नव्हते.

निकालाचं म्हणाल तर २३ पैकी २१ पास, दोघांचा फील्डवर्कचा अहवाल आला नाही. सहा जणांनी बीएड सीईटी द्यायचं ठरवलंय. त्या फोनवाल्या मुलीला पूर्ण अभ्यासक्रम पाठवला, तिने जातीचा घटक वाचला आणि विचारलं की लग्नाचं उदाहरण सहावीला कसं सांगू, पालक येतील भांडायला. यावर आमचं अजून बोलणं चालू आहे, रविवारी येणार आहे ती.

रकान्याचं शीर्षक बदलायचं तर तो अभ्यासक्रमातला बदल धरला जातो, कारण तक्ता परिशिष्टात छापलेला आहे. म्हणजे परत अभ्यासमंडळ. जानेवारीच्या मीटिंगसाठी प्रस्ताव दिलाय, विषय क्रमांक सात, 'परिशिष्ट दोनमधील शेवटच्या रकान्याचे शीर्षक वगळून तो कोरा ठेवणे.' विभागप्रमुख सर म्हणाले, कोऱ्या रकान्यासाठी ठराव कोण करतं? मी म्हटलं आपण. पेपर कोडची दुरुस्तीही त्याच मीटिंगमध्ये लावून घेतलीय, ती अजून झालेली नाही.